ड्यूकच्या मळ्यात दाजी

इंग्लंडात मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आईबापांचे पहिले दिवस मजेत जातात. सुपरमार्केट बघून होते, कुठल्या रंगाच्या डब्यात कुठला कचरा टाकायचा याचे शिक्षण होते, आणि "इथे हॉर्न कसा वाजत नाही बुवा!" हे रोज नव्याने म्हणून होते. मग लंडन होते. राजवाड्याच्या फाटकाबाहेर फोटो होतो. आणि त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी मुलगा म्हणतो, "चला, आज कंट्री हाऊस बघायला जाऊ." तिथे इंग्रजांच्या एका खास छंदाशी आपली गाठ पडते. पैसे भरून दुसऱ्याच्या घरी जायचे, त्याची बाग हिंडायची, त्याच्याच हॉटेलात चहा विकत घेऊन प्यायचा आणि निघताना त्याच्या घराचे चित्र छापलेला टॉवेल घेऊन यायचे. घरमालक भेटत नाही. भेटावा अशी कुणाची अपेक्षाही नसते.

आपल्याकडे हे जमायचे नाही. आपण कुणाच्या वाड्यावर गेलो आणि मालकाने "या, बसा" म्हटले नाही, तर त्या घराशी सोयरीक करायची नाही हे आपण गाडीत बसण्याआधीच ठरवून टाकतो.

आमचा मुलगा मँचेस्टरला असतो. तिथून गाडीने तास-सव्वा तासावर, डर्बीशायरच्या डोंगराळ भागात, डरवेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ आहे. इंग्लंडातल्या मोठ्या सरदारी घरांत ज्याचे नाव अगदी वरच्या ओळीत घेतात, ते हे घर. बरोबर सौ., मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि आमचे दाजी. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. रावेर तालुक्यातले केळी बागायतदार. ताईने विमानाला साफ नकार दिला, पण दाजी आले. मी बँकेत होतो म्हणून ते मला 'साहेब' म्हणतात, आणि त्या 'साहेब'मध्ये बँकेने त्यांना एकेकाळी पीककर्जासाठी घालायला लावलेल्या सगळ्या हेलपाट्यांचा हिशेब असतो.

चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूकांचे घर. ते डर्बीशायरात का, असे विचारण्याची पाळी प्रत्येक पाहुण्यावर येते. डेव्हनशायर तिथून फार लांब, पार नैर्ऋत्येच्या समुद्राकडे. ड्यूकांचे आडनाव कॅव्हेंडिश. मुलगा हे सगळे समजावून सांगू लागला, तेव्हा दाजींनी त्याला थांबवले. "अरे भो, आडनाव सावदेकर आणि सात पिढ्या फैजपुरात, असे लोक आपल्याकडे नाहीत का? पुढे सांग."

पुढची हकीकत अशी, की १५४९ साली बेस ऑफ हार्डविक नावाच्या एका खमक्या बाईने आपल्या नवऱ्याच्या मागे लागून ही जागा घ्यायला लावली. नवरा दुसरा होता. नंतर तिने आणखी दोन केले. जागा मात्र सोडली नाही.

वाडा आणि बाग अशी दोन्ही तिकिटे मिळतात, किंवा नुसते बागेचे. वाड्यात सोन्याचा मुलामा, छतावर चितारलेले देव आणि मोठमोठी तैलचित्रे आहेत म्हणे. दाजी म्हणाले, "घर काय, घरासारखं घर असेल. आपल्याला मळा दाखव." म्हणून बागेचेच तिकीट काढले. तिकिटाची रक्कम सौ.ने मनातल्या मनात रुपयांत काढली आणि तिचा चेहरा पडला. परदेशात हा गुणाकार करायचा नसतो असे सुनेने बजावलेले होते, पण हा पाढा कुणी मुद्दाम म्हणत नाही, तो आपोआप होतो.

"किती एकर?" दाजींनी आत शिरताच विचारले.

"एकशेपाच."

"आणि उत्पन्न?"

"उत्पन्न नाही मामा. बघायची बाग आहे."

दाजींनी टोपी काढली, डोके पुसले, टोपी परत घातली. एकशेपाच एकर जमीन, बारमाही पाणी, आणि पीक काही नाही. माणसाला एवढे श्रीमंत असता येते, ही गोष्ट वाड्याच्या सोन्याने त्यांना कधीच पटली नसती. ती तिथे पटली.

बागेतली पहिली अडचण वेगळीच. समोर हिरवळ. इतकी सपाट आणि इतकी हिरवी, की सौ. कडेलाच थबकली. आपला जन्म 'हिरवळीवर चालू नये', 'फुले तोडू नयेत' आणि 'आज्ञेवरून' यांत गेलेला. आपल्या बागांत हिरवळीला दोरी असते, दोरीला पाटी असते आणि पाटीजवळ शिट्टीवाला असतो. इथे दोरी नाही, पाटी नाही, शिट्टी नाही. लोक खुशाल आडवे पडलेले. एक कुत्रे साखळीसकट मालकाला ओढत हिरवळीवरून चालले होते. तरीही सौ. कडेकडेनेच निघाली. नातीने मध्यभागी जाऊन तीन कोलांट्या मारल्या, तेव्हा सौ.ने आधी चारी बाजूंना पाहिले, मग चपला काढून हातात घेतल्या आणि मगच त्या गवतावर पाऊल टाकले. तिथल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईने तिच्याकडे पाहून मोठ्या कौतुकाने मान हलवली. अनवाणी चालणे आरोग्याला चांगले असते, असे तिला वाटले असावे.

मग पाणी दिसले. टेकडीच्या उतारावर दगडी पायऱ्यांचा एक रुंद जिना आहे आणि त्यावरून पाणी खाली उतरते. हा कॅस्केड सतराव्या शतकाच्या शेवटी ग्रिये नावाच्या एका फ्रेंच माणसाने बांधला. पायऱ्यांचे चोवीस टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याची घडण मुद्दाम थोडी निराळी, म्हणजे पाण्याचा आवाज टप्प्याटप्प्याला बदलावा. आम्ही गेलो तेव्हा पोरे विजारी गुडघ्यापर्यंत गुंडाळून त्यात उभी होती. पाणी इतके गार, की आत गेलेले प्रत्येक पोर किंचाळत होते आणि बाहेर आलेले प्रत्येक पोर पुन्हा आत जात होते. नातीने एक बूट ओला केला. दुसरा तिने न्याय म्हणून केला.

दाजींना आवाजात रस नव्हता. ते पायऱ्यांच्या कडेने वर चढू लागले. बराच वेळ दिसले नाहीत. खाली आले ते धापा टाकत. "मोटर सापडत नाही," ते म्हणाले. "कितीची आहे? दहाची तरी लागेल."

"मोटर नाही मामा. वर माळावर तळी आहेत. उताराने पाणी येतं."

"तीनशे वर्षं?"

"तीनशे वर्षं."

"आणि लाइटबिल?"

"नाही."

दाजी खाली बसले. ज्याने आयुष्य रात्रीच्या थ्री-फेजची वाट बघत काढले, रात्री दोनला उठून बॅटरीच्या उजेडात मोटर चालू केली, त्याला हे सांगणे म्हणजे थोडे क्रूरच होते. त्यांनी त्या पाण्याकडे पाहिले आणि फ्रेंच माणसाचे नाव पुन्हा विचारून घेतले.

पाण्याची खरी गोष्ट खालच्या लांब तळ्यात आहे. तिथे एक कारंजे आहे, एम्परर फाउंटन. नाव सम्राटाचे, कारण रशियाचा झार पहिला निकोलस येणार होता. सहावे ड्यूक १८२६ साली त्याच्या राज्याभिषेकाला मॉस्कोला जाऊन आले होते, आता परतफेडीची पाळी होती. झारच्या स्वतःच्या राजवाड्यात मोठी कारंजी, तेव्हा त्याला त्याहून उंच दाखवायचे ठरले. त्यासाठी वर माळावर आठ एकरांचे तळे खणले. दाजींच्या भाषेत शेततळे, फक्त अनुदान नाही. दिवसा काम पुरेना म्हणून रात्री दिव्यांच्या उजेडात माणसे खणत होती. सहा महिन्यांत तळे झाले, नळ झाले, १८४४ साली कारंजे उडाले. ते जास्तीत जास्त २९६ फूट उंच गेल्याची नोंद आहे, आणि तेही नुसत्या उताराच्या दाबावर. झार इंग्लंडला आलासुद्धा. चॅट्सवर्थला आला नाही. पुढे अकरा वर्षे जगला, पण ते कारंजे त्याने कधीच पाहिले नाही.

"आपल्याकडे पण हेच," दाजी म्हणाले. "मंत्री येणार म्हणून रात्रीतून रस्ता करतात. मंत्री येत नाही. फरक एवढाच, की यांचं कारंजं अजून आहे."

हे सगळे घडवणाऱ्या माणसाबद्दल मात्र सांगायलाच हवे, कारण चॅट्सवर्थमध्ये हौस ड्यूकची होती आणि डोके माळ्याचे. माळ्याचे नाव जोसेफ पॅक्स्टन. शेतकऱ्याचा मुलगा. सहाव्या ड्यूकांच्या लंडनजवळच्या जागेला लागूनच एका बागायती संस्थेची बाग होती, तिथे हा काम करायचा. ड्यूक येता-जाता त्याच्याशी बोलत. ड्यूकांना कमी ऐकू यायचे, आणि हा पोरगा स्पष्ट बोलायचा. तेवढ्यावर त्यांनी त्याला चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमले आणि स्वतः रशियाला निघून गेले. वय वर्षे बावीस.

९ मे १८२६ रोजी पॅक्स्टन हजर झाला. लंडनहून रात्रीच्या घोडागाडीने निघाला आणि पहाटे साडेचारला चॅट्सवर्थला पोचला. फाटक बंद. हा फाटकावरून उडी मारून आत गेला. सगळी बाग पायी फिरून पाहिली. सहा वाजता माणसे कामावर आली, त्यांना कामे वाटून दिली. मग पाणी कसे उडते ते कारंजेवाल्याकडून चालवून पाहिले. मग घराच्या कारभारणीकडे न्याहारीला गेला. तिथे तिची भाची बसलेली होती. तो तिच्या प्रेमात पडला, ती त्याच्या प्रेमात पडली, आणि सकाळचे नऊ वाजायच्या आत चॅट्सवर्थमधले पहिल्या दिवसाचे काम आटोपले. ही हकीकत त्याची स्वतःची आहे. पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले.

मी नोकरीला लागलो त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मला खुर्ची मिळालेली नव्हती. टेबल दुसऱ्या आठवड्यात मिळाले. लग्न घरच्यांनी ठरवले.

पॅक्स्टनने पुढे काय केले नाही? काचेचे एक अवाढव्य घर बांधले, २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच, उष्ण प्रदेशातली झाडे वाढवण्यासाठी. आत ऊब राहावी म्हणून आठ भट्ट्या. भट्ट्यांना कोळसा लागणार, पण कोळशाची गाडी ड्यूकांच्या नजरेस पडायला नको, म्हणून जमिनीखालून बोगदा काढून त्यात रूळ टाकले. १८४३ साली व्हिक्टोरिया राणी आली, तेव्हा बारा हजार दिवे लावून तिची घोडागाडी त्या काचघरातून सरळ आतून नेली. आज ते घर नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडे गारठून मेली, आणि १९२० साली ते पाडले. पाडायलाही सुरुंग लावावे लागले. आता तिथे झाडांच्या कुंपणांचा भुलभुलैया आहे. सून, मुलगा आणि नात त्यात शिरली आणि पाऊण तासाने तिघे तीन निरनिराळ्या वेळी बाहेर आली, त्यातली नात सगळ्यात आधी.

अॅमेझॉनच्या राक्षसी कमळाला इंग्लंडात पहिल्यांदा फूल आणले तेही पॅक्स्टननेच, १८४९ साली. क्यूच्या सरकारी बागेला जमले नव्हते. पानावर त्याने आपल्या सात वर्षांच्या मुलीला उभे करून दाखवले. त्या पानाखालच्या शिरांची रचना त्याच्या डोक्यात होती, आणि १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनला त्याने क्रिस्टल पॅलेस उभारला. माळ्याचा 'सर जोसेफ' झाला. नंतर पार्लमेंटातही गेला. पण मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा दाजी तिथे नव्हते.

ते एका काचघराच्या भिंतीला कपाळ टेकून उभे होते. दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून आत बघत होते. मी जवळ गेलो तेव्हा ते वळले नाहीत.

"साहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आत केळी आहे."

होती. काचेपलीकडे, ओलसर उजेडात, आखूड खोडाची आणि रुंद पानांची. मुलगा धावत आला आणि त्याने आपल्याकडचा सगळ्यात मोठा बार उडवला. १८३० च्या सुमाराला मॉरिशसकडून आलेल्या केळीचे एक रोप पॅक्स्टनने मिळवले. काचघरात वाढवले. काही वर्षांत तिला घड आला, लंडनच्या बागायती प्रदर्शनात पदक मिळाले, आणि त्या केळीला धन्याचे आडनाव लागले. कॅव्हेंडिश. आज जगात देशोदेशी जहाजाने जाणारी केळी जवळपास सगळी त्याच जातकुळीतली. पूर्वी बाजार ग्रो मिशेल नावाच्या केळीचा होता. विसाव्या शतकात मर रोगाने ती झोपवली आणि कॅव्हेंडिशने जागा घेतली.

"आणि मामा, तुमची बसराई म्हणजे ड्वार्फ कॅव्हेंडिश. तुमची जी-नाइनही कॅव्हेंडिशच."

जळगाव जिल्ह्यातल्या केळीवाल्याला हे सांगताना जरा बेताने सांगावे. ज्या केळीवर दाजींचे घर, दोन मुलींची लग्ने, एक ट्रॅक्टर आणि मुलाचे इंजिनिअरिंग झाले, तिच्यावर एका इंग्रज सरदाराचे आडनाव आहे हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळत होते. मला वाटले, वाईट वाटेल. दाजींनी पुन्हा काचेला कपाळ लावले आणि तिची तपासणी सुरू केली.

"निसवलेली नाही अजून. पिलं काढलेली नाहीत, बघ, बुडाशी चार उभी आहेत, सगळं खाणं तीच ओढणार. ह्या पानाच्या कडेला करपल्यासारखं दिसतंय. ऊन कमी. खत आहे, पण वेळेवर नाही." ते थांबले. "बरं, ही कांदेबाग का मृगबाग?"

यावर काचेपलीकडे झारीने पाणी घालणाऱ्या तरुण माळिणीला बोलावून विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाने हातवारे केले. ती बाहेर आली. लाल गालांची, गुडघ्यापर्यंत चिखल, खिशात कात्री. दाजी काय करतात हे मुलाने सांगितले. पंधरा एकर केळी, असे ऐकल्यावर ती मुलगी दोन पावले मागे सरकली आणि तिने 'पंधरा झाडे का?' असे पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग पाऊण एक तास, इंग्रजी न येणारे दाजी आणि मराठी न येणारी ती, मुलाला मध्ये घालून बोलत होते. घडाचे वजन, दोन झाडांतले अंतर, शेवटच्या फण्या का काढायच्या, केळफूल कधी कापायचे. थंडीत काचघर किती ऊबदार ठेवता, असे दाजींनी विचारले. तिने सांगितले. दाजी खो-खो हसले.

"तिला सांग, मे महिन्यात आमच्याकडे ऊन पंचेचाळीसच्या वर जातं. बागेला गरम वारा लागू नये म्हणून आम्ही कडेने शेवरी लावतो, गजराज गवत लावतो. तुम्ही थंडीनं मरू नये म्हणून जाळता, आम्ही उन्हानं मरू नये म्हणून झाकतो. केळीला कुणीच सुखानं राहू देत नाही!"

भाषांतर झाल्यावर ती मुलगी पण हसली. मग तिने भाव विचारला. दाजींचा चेहरा बदलला. बोर्डावर जाहीर झालेला भाव एक, व्यापारी देतो तो एक, आणि गाडी भरायला आल्यावर ठरतो तो तिसरा, हे इंग्रजीत कसे सांगायचे ते मुलाला येईना. त्याने एक सरासरी आकडा पौंडात करून सांगितला. तिने तो किलोचा की डझनाचा असे विचारले. आकडा क्विंटलचा होता. ती गप्प झाली आणि मग तिने दाजींशी हात मिळवला. आपल्याकडे एवढे मन लावून ऐकणारा बाजार समितीचा सदस्य मी अजून पाहिलेला नाही.

या धामधुमीत सौ. भिजून आली होती. दगडांच्या आडोशाला तिला एक पानगळ झालेले विचित्र झाड दिसले, ते खरे की खोटे बघायला ती जवळ गेली, आणि झाडाच्या फांदीफांदीतून पाणी उडाले. झाड धातूचे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे असले झाड आहे. जुने मोडले की नवे बसवतात, आणि सव्वातीनशे वर्षे पाहुण्यांना एकाच विनोदाने भिजवतात. सौ.ला तो आवडला नाही. तिथे उभ्या असलेल्या चार इंग्रजांनी तिची क्षमा मागितली. झाड त्यांचे नव्हते, पण इंग्रज माणसाला त्याने फरक पडत नाही.

डबा आम्ही तळ्याकाठी उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचे. समोर नदी, पलीकडे हिरव्या टेकड्या, चरणाऱ्या मेंढ्या. सगळे असे, की निसर्गाने सहज ठेवलेले वाटावे. तेही खोटे. हे रानही १७६० च्या दशकात लॅन्सलॉट ब्राऊन नावाच्या माणसाने मांडलेले. जुन्या रेखीव वाफ्यांचा बराच भाग त्याने मोडला आणि जमिनीला चढउतार दिले. पलीकडे एडन्सर नावाचे गाव होते. पुढे सहाव्या ड्यूकांनी त्याचा वाड्यातून दिसणारा भाग तिथून उचलून टेकडीआड नेला, कारण तो नजरेत येत होता. हे ऐकल्यावर दशमीचा घास दाजींच्या हातातच राहिला. हतनूर धरणाने त्यांच्या मामाचे गाव उठवलेले.

"म्हणजे आपले धरणग्रस्त, तसे हे दृश्यग्रस्त," ते म्हणाले.

येताना आम्ही ते गाव पाहिले. प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचे, एक इटलीसारखे, एक स्वित्झर्लंडसारखे, एकाला बुरूज. ड्यूकांना नमुने दाखवले आणि त्यांना निवडता येईना म्हणून सगळेच बांधले, असे तिथे सांगतात. पॅक्स्टनची समाधी तिथल्याच चर्चच्या आवारात आहे. दाजी एका घराच्या दारातल्या गुलाबांकडे बराच वेळ बघत राहिले. "पुनर्वसन असं पाहिजे," ते म्हणाले, "पण असं करायला आधी कुणाच्या तरी डोळ्याला खुपावं लागतं. आमचं गाव कुणाच्या डोळ्यांतच नव्हतं."

चहाच्या दुकानात स्कोनवर आधी साय लावायची की आधी जॅम, यावरून शेजारच्या टेबलावर दोन वृद्ध भावंडांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती. तिथेच मुलाने घराची शेवटची गोष्ट सांगितली. दहाव्या ड्यूकांनी वारसा कर चुकावा म्हणून मालमत्ता मुलाच्या नावे केली. अट होती, त्यानंतर पाच वर्षे जगण्याची. १९५० च्या नोव्हेंबरात ते गेले, मुदतीला तीन-साडेतीन महिने उरलेले असताना. कर ऐंशी टक्के. तो फेडण्यात जमिनी गेल्या, चित्रे गेली, बेसबाईंचे हार्डविक हॉल सरकारजमा झाले. आता घर एका विश्वस्त संस्थेकडे आहे आणि ड्यूक तिथे भाडे भरून राहतात.

"भाडेकरू?" दाजींनी कप खाली ठेवला.

"हो."

"स्वतःच्याच घरात?" त्यांनी खिडकीतून त्या सोनेरी दगडाच्या प्रचंड इमारतीकडे नीट पाहिले. "पण बरं केलं. निदान कुणी काढू शकत नाही."

निघण्याच्या आधी मुलाने एक पाटी वाचून दाखवली. सहाव्या ड्यूकांनी १८३५ साली जॉन गिब्सन नावाच्या एका तरुण माळ्याला कलकत्त्याला पाठवले होते. ब्रह्मदेशातल्या एका झाडाची कीर्ती त्यांच्या कानावर आली होती, अॅम्हर्स्टिया. ते त्यांना हवे होते. गिब्सन दोन वर्षांनी परतला, जहाजभर रोपे घेऊन, त्यात ते झाडही. ड्यूकांनी त्याची फार बडदास्त ठेवली. पण इंग्लंडात त्या झाडाला पहिले फूल आले १८४९ साली, आणि ते आले लंडनजवळ ईलिंगला एका मिसेस लॉरेन्सच्या काचघरात. ड्यूकांची बोगद्यातली रेल्वे, आठ भट्ट्या आणि पॅक्स्टन, सगळे एकीकडे राहिले.

"फुलं कशी असतात?" सौ.ने ओल्या पदराने चष्मा पुसत विचारले. मुलाने फोनवर चित्र काढून दाखवले. लांब देठावर खाली लोंबणारे तांबडे झुंबर, टोकाला पिवळा ठिपका.

"ही तर उर्वशी!" सौ. म्हणाली. ती लालबागची. शाळेच्या सहली, मावशीकडचे पाहुणे, मुलाचे पहिले हत्तीदर्शन, सगळे राणीच्या बागेत झालेले. "भायखळ्याला आहे की. आम्ही तिच्याखाली डबे खायचो."

राणीच्या बागेत ती आहे, आजही. थंडी ओसरताना फुलते. ज्या झाडासाठी इंग्लंडचा ड्यूक माणसाला समुद्रापार पाठवत होता, त्याच्याखालून मुंबईकर पेंग्विन कुठे आहेत ते विचारत पुढे जातात. पुढच्या वेळी भायखळ्याला उतरलात, तर पेंग्विनच्या रांगेत उभे राहण्याआधी दहा मिनिटे काढा, एखाद्या माळ्याला विचारा आणि तिच्याखाली उभे राहून वर बघा. माळ्याला वेळ असेल तर त्याच्याशी चार शब्द बोला.